तो ठराव मराठीतच लिहिला होता : केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय गृहमंत्री, भारत सरकार,
तथा अध्यक्ष, पश्चिम विभागीय परिषद,
तथा अध्यक्ष, दक्षिण विभागीय परिषद,
नवी दिल्ली.

विषय : जत तालुक्यातील (जि. सांगली) सीमेवरच्या गावांच्या पाण्यासाठी दोन्ही परिषदांची संयुक्त बैठक बोलावण्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार.

आपली दोन पदं वर मुद्दाम लिहिली आहेत, त्याचा उलगडा पुढे होईल. आधी माझी ओळख. मी जत तालुक्याच्या पूर्व भागातला, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला प्राथमिक शिक्षक. पोरांना भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं. घरात आई कन्नड बोलायची, वडील मराठी, आणि आम्ही भावंडं ज्याच्याकडून खाऊ काढायचा त्याच्या भाषेत बोलायचो. गावाचं नाव लिहीत नाही. जे सांगतोय ते आजूबाजूच्या कुठल्याही गावाला लागू पडेल. शिवाय पुढे जे कबूल करणार आहे ते माझ्या एकट्याचं पाप नाही.

२०१२ च्या दुष्काळात आमच्या भागातल्या अनेक गावांनी ‘आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या’ असे ठराव केले. आमच्या गावचा ठराव माझ्या हस्ताक्षरात आहे. मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो, अक्षर बरं आणि जायला नोकरी उरलेली नाही, म्हणून लेखणी माझ्याकडे आली. देवळाच्या कट्ट्यावर सभा भरली होती. कुणीतरी म्हणालं, “मास्तर, कन्नडात लिहा की. ज्यांच्याकडं जायचं त्यांना वाचता यायला पायजे.” त्यावर आमच्यातलाच एक म्हातारा, जन्मभर कन्नडशिवाय दुसरं बोलला नसेल असा, चटकन म्हणाला, “मराठीतच लिहा. धाडायचा मुंबईला हाय.”

ठराव मराठीतच लिहिला. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. महाराष्ट्र सोडून जाण्याचा ठराव आम्ही महाराष्ट्राच्या भाषेत, महाराष्ट्राच्या नमुन्यात लिहिला आणि महाराष्ट्राच्याच राजधानीला पाठवला. बेंगळुरूला प्रत पाठवावी असं कुणाला सुचलंसुद्धा नाही. रुसलेली सून ‘मी माहेरी चालले’ म्हणत पिशवी भरते, पण बराच वेळ उंबऱ्यातच घुटमळते. कारण ती जायला निघालेली नसते, कुणीतरी ‘काय झालं’ विचारावं म्हणून उभी असते. आमची गत तशीच होती. दहा वर्षं कुणी विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात टँकर आला की तो विहिरीत ओतायचे. मग अख्खं गाव विहिरीवर, दोरांचा गुंता, आणि तळातलं गढूळ पाणी पुन्हा वर. टँकर आला की वर्गातली पोरं पाटी टाकून घागर उचलायची. निवृत्त झालो तरी मी शाळेत जाऊन बसायचो. टँकरचा हॉर्न वाजला की वर्ग पाच मिनिटांत मोकळा. गुरं छावणीला, तरणी माणसं ऊसतोडीला, डाळिंबाच्या बागा सरपणाला. माडग्याळची मेंढी दुष्काळातही तग धरते म्हणून तिचं कौतुक होतं. मेंढीला ठराव करता येत नाही, एवढाच काय तो तिच्यात आणि आमच्यात फरक.

आता थोडा इतिहास, मास्तर असल्यामुळे तो टाळता येत नाही. माझे आजोबा एकाच घरात जन्मले आणि त्याच घरात गेले. पण त्यांनी राज्यं किती बदलली बघा. जन्म जत संस्थानात, डफळ्यांच्या राज्यात. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि आजोबा मुंबई प्रांतात आले. पुढच्या वर्षी जिल्हा झाला दक्षिण सातारा. १९५६ मध्ये ते द्वैभाषिक मुंबई राज्याचे रहिवासी झाले, १९६० मध्ये महाराष्ट्राचे, आणि त्याच वर्षी जिल्ह्याचं नाव सांगली झालं. १९६७ मध्ये सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल आला. त्यात निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला आणि जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची २४७ गावं तेव्हाच्या म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला, द्यावीत अशी शिफारस होती. बेळगाव म्हैसूरकडेच ठेवलं होतं. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला आणि आजोबांचं म्हैसूरला जाणं हुकलं. या सगळ्या काळात त्यांच्या विहिरीचं पाणी मात्र एक हातही वर आलं नाही.

नकाशे काढायचे काम मी अनेक वर्षं करून घेतलं. पोरं जिल्ह्याचा नकाशा रंगवायची. मिरज, वाळवा हिरवे, जत पिवळा किंवा तपकिरी. सांगली जिल्ह्याच्या क्षेत्रफळाचा सुमारे पाव भाग एकट्या जत तालुक्याचा आहे, त्यामुळे तपकिरी रंगाचा खडू सगळ्यात आधी झिजायचा. एका मुलीनं एकदा विचारलं, “गुरुजी, कर्नाटकाची बाजू कुठल्या रंगानं?” मी म्हटलं, ती कोरी सोडायची, तो आपला विषय नाही. आज वाटतं, चुकीचं शिकवलं. बोर नदी आमच्या माळावरून निघून भीमेला मिळते. पाऊस आमच्यात पडतो आणि वाहून तिकडे जातो. नदीला कोरी बाजू नसते.

महोदय, आता नोव्हेंबर २०२२ कडे येतो. कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जाहीर केलं की जत तालुक्यातल्या ४० ग्रामपंचायतींनी पूर्वी कर्नाटकात येण्याचे ठराव केले होते आणि त्यावर आपलं सरकार गंभीरपणे विचार करत आहे. माझ्या हस्ताक्षरातल्या कागदाला दहा वर्षांनी वाचक मिळाला, तोही ज्याला पाठवला नव्हता तो. मग काय विचारता! महाराष्ट्रात एकच कल्लोळ. एक इंचही जमीन जाऊ देणार नाही. ज्या पुढाऱ्यांना आमच्या तालुक्यातलं उमदी कुठल्या दिशेला आहे हे सांगता आलं नसतं ते टीव्हीवर जतच्या मातीची शपथ घेत होते. तिकडून तुबची-बबलेश्वर उपसा योजनेचं पाणी सोडलं गेलं आणि ओढ्यांतून आमच्याकडच्या तिकोंडीच्या तलावात आलं. लोक काठावर जाऊन फोटो काढत होते. इकडून कृष्णेचं पाणी उपसून आमच्याकडे आणायची सुमारे १९०० कोटींची विस्तारित म्हैसाळ योजना, जिच्यासाठी वर्षानुवर्षं निवेदनं देऊन आमची बोटं झिजली, ती काही आठवड्यांत मार्गी लावण्याच्या घोषणा झाल्या. पाण्यापासून पूर्ण वंचित ४८ आणि अंशतः वंचित १७ अशी ६५ गावं तिच्यात आहेत. डिसेंबरात बेळगावला महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, एस.टी. बंद झाली आणि कर्नाटकात अथणीला दिलेली माझी पुतणी बाळंतपणाला माहेरी यायची ती आठवडाभर अडकली. १४ डिसेंबरला दिल्लीत केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवलं, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कुणी दावे करायचे नाहीत आणि दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांनी चर्चा करायची असं ठरलं. तो महिना संपायच्या आत दोन्ही विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव करून टाकले, २२ तारखेला तिकडे, २७ तारखेला इकडे. आमच्या ग्रामसभेनं कागद केला तर तो देशद्रोह ठरता ठरता राहिला. विधिमंडळांनी केला तो बाणेदारपणा.

या सगळ्यातून आमच्या गावातल्या पोरांनी काय शिकून घेतलं ते सांगतो, कारण मला ते रात्री झोपू देत नाही. ते शिकले की निवेदन देऊन पाणी येत नाही, शेजाऱ्यानं हक्क सांगितला की येतं. जमिनीवर दुसऱ्याचा डोळा पडेपर्यंत मालकाला ती कोरडी आहे हे दिसत नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा धडा नाही, पण त्याच्यावर परीक्षा घेतली तर आमची सगळी पोरं पहिल्या वर्गात पास होतील. याच सुमारास नाशिकच्या सुरगाण्यातली गावं गुजरातेत जायची भाषा करू लागली होती. त्यांनी आमचाच धडा गिरवला होता.

हा काही फक्त मुंबईचा दोष नाही. सरकार नावाच्या वस्तूचीच ही खोड आहे, आणि मोठ्या सरकारांत ती मोठी असते. चीननं तिबेटच्या कडेनं नवी गावं वसवायला घेतली, तेव्हा दिल्लीला अरुणाचल आणि उत्तराखंडच्या टोकाची रिकामी होत चाललेली गावं दिसली. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘व्हायब्रंट व्हिलेजेस’ कार्यक्रम मंजूर झाला : ४८०० कोटी रुपये, १९ जिल्ह्यांतले ४६ तालुके, २९६७ गावं. एप्रिलमध्ये अरुणाचलातल्या किबिथूला जाऊन गृहमंत्र्यांनीच त्याची सुरुवात केली. त्याआधी उत्तराखंडातल्या माणा गावात पंतप्रधान म्हणाले होते की सीमेवरचं गाव हे देशाचं शेवटचं नाही, पहिलं गाव. ऐकून बरं वाटलं. ही योजना योग्यच आहे, कडेचा माणूस गाव सोडून गेला तर कड राखणार कोण? पण महोदय, त्या न्यायानं राज्याच्या कडेचं गाव कितवं? देशाच्या सीमेवर शत्रू असतो म्हणून तिथलं गाव पहिलं. राज्याच्या सीमेवर पलीकडे माझी पुतणी असते, म्हणून आमचं गाव शेवटचं?

कायद्याच्या बाजूनं बघितलं तर राज्यांनी एवढं ताणून धरावं असं फारसं काही नाहीच. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानं राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार संसदेला दिला आहे. विधिमंडळाचं मत मागवायचं, ते मानलंच पाहिजे असं बंधन नाही. राज्याला जमिनीवर सार्वभौम हक्क नाही. तो देशाला आहे, आणि तिथे मात्र गोष्ट वेगळी : परक्या देशाला भूभाग द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते, हे बेरूबाडीच्या प्रकरणात १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. तरी ते आपण केलं. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री बांगलादेशातली १११ भारतीय छिटमहालं, म्हणजे चारी बाजूंनी परक्या देशानं वेढलेले जमिनीचे तुकडे, त्यांच्याकडे गेली, भारतातली ५१ आपल्याकडे आली, आणि तिथल्या माणसांना कुठलं नागरिकत्व हवं ते विचारलं गेलं. १९७४ च्या कराराला ४१ वर्षं लागली, पण झालं. परक्या देशाबरोबर जमीन वाटून घेता आली. एका देशातल्या दोन राज्यांचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे.

इथे एक अवघड गोष्ट बोलतो, आमच्याच लोकांना ती आवडणार नाही. महाराष्ट्राची सीमाप्रश्नातली भूमिका तत्त्वाची आहे : गाव हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता, लोकेच्छा. बेळगाव, निपाणी, कारवारकडच्या मराठी माणसांनी या तत्त्वासाठी किती सोसलं हे मला ठाऊक आहे. १९६६ मध्ये सेनापती बापट त्यासाठीच उपोषणाला बसले होते. पण हीच फूटपट्टी आमच्या पूर्व भागातल्या गावांना लावली तर? तत्त्व मांडणाऱ्यांना हे ठाऊक होतं. १९५७ मध्ये तेव्हाच्या मुंबई सरकारनं ८१४ गावं मागितली तेव्हा २६० कन्नड गावं द्यायची तयारीही दाखवली होती. आज तसं कुणी बोललं तर त्याचा पुतळा जळेल. आता मागणी ८६५ गावांची आहे आणि देणं शून्य. तिकडे कर्नाटक महाजन अहवाल अंतिम म्हणतं, तेव्हा त्याच अहवालातली २६४ गावं महाराष्ट्राला द्यायची आठवण त्याला होत नाही. दोन्ही घरं आपापल्या सोयीचं पान उघडून बसली आहेत. आणि दोन घरचा पाहुणा उपाशी.

मला कर्नाटकात जायचं नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. तिकडच्या सीमेवरची गावं काही सोन्याची नाहीत, तिकडेही शेवटचं गाव शेवटचंच. आणि महाराष्ट्रानं आमच्यासाठी काही केलेलं नाही असंही नाही. बालभारती कन्नडमध्ये पुस्तकं छापते. आमच्या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत आणि मी त्यांतल्या शिक्षकांबरोबर वर्षानुवर्षं जनगणना आणि निवडणुकीची कामं केली. पण २०२४ मध्ये त्याच कन्नड शाळांवर मराठी माध्यमाचे शिक्षक नेमल्याच्या बातम्या आल्या तेव्हा मान खाली गेली. ३५०अ अनुच्छेद मी पोरांना पाठ करून घेतला होता : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत. बेळगावात मराठीवर अन्याय होतो म्हणून आपण गळा काढायचा आणि इथे आठ वर्षांच्या पोरासमोर त्याची भाषा न येणारा गुरुजी उभा करायचा! त्या पोराचं काही सीमाप्रश्नावर मत नाही. त्याला फक्त गुरुजी काय म्हणतात ते कळत नाही.

पाण्याचं सांगायचं तर ते सगळ्यात लांबचं आणि सगळ्यात सोपं आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, साताऱ्यातून सांगलीला येते, मिरज ओलांडली की कर्नाटकात. आमचा माळ तिच्या पात्राच्या वर, लांब. म्हणून मिरज तालुक्यात म्हैसाळला पाणी उचलायचं, टप्प्याटप्प्यानं चढवायचं, कवठेमहांकाळवरून जतला आणायचं, आणि पूर्व भागापर्यंत पोचेतो विजेच्या बिलानं सगळ्यांचे डोळे पांढरे. बिलाचे ८१ टक्के सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यानं भरायचे, अशी वाटणी झाली तेव्हा कुठे पंप नियमित चालू लागले. तेच कृष्णेचं पाणी खाली कर्नाटकात जातं, जमखंडीच्या बाजूला तुबचीला उचललं जातं आणि विजापूरच्या दिशेनं आमच्या हद्दीजवळ येऊन थांबतं. साताऱ्याचं पाणी कर्नाटक फिरून आमच्या शिवेपर्यंत आलेलं असतं. शिवेवरचा दगड ते ओलांडू शकत नाही.

(विषयांतर होतंय, पण उमराणी आमच्याच तालुक्यात. १६७३ मध्ये प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाला तिथे गाठलं ते पाणी तोडून. फौज तहानेनं व्याकूळ झाली, खान शरण आला, प्रतापरावांनी त्याला सोडून दिलं आणि महाराज संतापले. शत्रूचं पाणी तोडून त्याला नमवायची जागा म्हणून आमचा माळ इतिहासात गेला. उमराणीचा धडा शिकवताना पोरं विचारायची, “गुरुजी, मग आपलं कुणी तोडलंय?”)

दरवर्षी उन्हाळ्यात कर्नाटकातली कृष्णाकाठची गावं कोरडी पडली की त्यांचं सरकार महाराष्ट्राला कोयनेतून पाणी सोडायची विनंती करतं. महाराष्ट्र बऱ्याचदा सोडतोही. त्या बदल्यात कर्नाटकनं तुबची-बबलेश्वरमधून जतच्या गावांना पाणी द्यावं, ही कल्पना कितीतरी वर्षं मंत्र्यांच्या बोलण्यात आहे. पाण्याला पाणी. यात जमीन कुणाची हा प्रश्नच येत नाही. कृष्णा पाणीवाटपाच्या लवादानं ठरवलेल्या वाट्यात फरक पडू नये म्हणून मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं. दोन्हीकडे मीटर आहेत, अभियंते आहेत. शेतकरी हे रोज करतात. माझ्या शेजाऱ्याची मोटार जळली की त्याची मका माझ्या बोअरवर भिजते आणि माझी जळली की त्याच्या. त्यासाठी आम्ही सात-बारा बदलून घेत नाही.

हे का होत नाही? माझ्या अल्पबुद्धीनं दोन कारणं. पहिलं असं की करार केला तर दावा सैल पडेल, अशी भीती दोन्ही बाजूंना आहे. कर्नाटकचं पाणी घेतलं तर लोक तिकडे झुकतील, असं इकडे वाटतं. पाणी दिलं तर गावं मागायचं कारण संपेल, असं तिकडे वाटत असावं. दोघांनाही आमची तहान उपयोगाची आहे. दुसरं कारण : आम्ही हिशेबात कुठेच येत नाही. अनुच्छेद ३७१(२) प्रमाणे १९९४ मध्ये महाराष्ट्रात तीन विकास मंडळं झाली. विदर्भाचं, मराठवाड्याचं आणि आमचं. आमच्या मंडळाचं नाव ठाऊक आहे का? ‘उर्वरित महाराष्ट्र’. जेवणं झाल्यावर पातेल्यात उरतं ते. त्या उर्वरितात पुणेही येतं आणि उसाच्या पट्ट्यातले वाळवा-पलूसही. त्यांच्या सरासरीत जत बुडून जातं. दांडेकर समितीनं विकासाचा अनुशेष, म्हणजे कोण किती मागे राहिलं ते, जिल्हा धरून मोजला. जिल्हा सांगली म्हटलं की साखर कारखाने, द्राक्षं, हळदीचा बाजार. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाखालून महापूर जात होता, घरांच्या माळ्यांवरून माणसं होडीत उतरवत होते, आणि त्याच जिल्ह्यात आमच्याकडे टँकर सुरू होते. सरासरी काढली तर सांगली जिल्ह्याला त्या वर्षी पुरेसं पाणी होतं. ती मंडळंही ३० एप्रिल २०२० ला मुदत संपून गेली. कुणी रडलं नाही, आम्हीसुद्धा नाही.

परदेशातली उदाहरणं द्यायची मला सवय नाही, पण एक वाचलंय ते सांगतो. फ्रान्स आणि स्पेनच्या मध्ये पिरेनीज डोंगरात सेर्दान्या नावाचं खोरं आहे. १६५९ च्या तहानं ते खोरं मधोमध कापलं गेलं. त्यात एक गंमतही झाली. तहात फ्रान्सला ‘खेडी’ द्यायची ठरली होती, लिव्हिया हे म्हणे शहर होतं, म्हणून ते स्पेनकडे राहिलं आणि आजही चारी बाजूंनी फ्रान्सनं वेढलेलं आहे. तर या खोऱ्यात २०१४ पासून एकच रुग्णालय दोन्ही देश मिळून चालवतात. इमारत स्पेनच्या हद्दीत, खर्च दोघांचा, रुग्ण दोन्हीकडचे. हे दोन सार्वभौम देश. सैन्य वेगळं, भाषा वेगळी, कायदे वेगळे. अडचणी आल्या, त्यांनी त्या सोडवत नेल्या, आणि कुणाचं सार्वभौमत्व झिजलं नाही. त्याच दोन देशांच्या सीमेवरच्या नदीत फिजंट नावाचं एक बेट आहे, ते सहा महिने स्पेनचं आणि सहा महिने फ्रान्सचं असतं. आमच्याकडेही साधारण तशीच व्यवस्था आहे : निवडणुकीत महाराष्ट्राचे, चर्चेत कर्नाटकचे, आणि मार्च ते जून कुणाचेच नाही.

आमच्याकडे रात्री कुणाला साप चावला तर गाडी विजापूरला न्यायची की मिरजेला, यावर आधी दोन मिनिटं वाद होतो. उमदीच्या बाजूनं सांगली शंभराहून जास्त किलोमीटर आहे, विजापूर त्याच्या निम्म्यावरही नाही. माझ्या चुलतभावाच्या वेळी मिरजेला जायचं ठरलं, कारण त्याचं कार्ड इकडचं होतं. तो वाचला. पण त्या रात्री जतच्या पुढे गाडीत जे बोलणं झालं, ते कुठल्याही मुख्यमंत्र्यानं ऐकायला हवं होतं. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये कर्नाटकातल्या ८६५ गावांतल्या लोकांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, ५४ कोटी ठेवले, आणि कर्नाटक चिडलं. मला ती योजना आवडली. हद्दीपलीकडच्या माणसाला औषध देता येतं हे निदान तिनं दाखवलं. मग हद्दीपलीकडून पाणी घ्यायला काय हरकत आहे?

आता आपल्या दोन पदांकडे येतो.

राज्य पुनर्रचना कायदा १९५६ मध्ये झाला तेव्हाच त्यात विभागीय परिषदांची तरतूद केली गेली, कारण रेषा आखल्या की भांडणं होणार हे त्या लोकांना माहीत होतं. सीमेचे तंटे, भाषिक अल्पसंख्याक, राज्यांमधली वाहतूक, आर्थिक नियोजन, हे सगळे विषय त्या परिषदांचे. पण महाराष्ट्र बसतो पश्चिम परिषदेत, गुजरात आणि गोव्याबरोबर. कर्नाटक बसतं दक्षिण परिषदेत, तमिळनाडू, केरळ, आंध्र, तेलंगणाबरोबर. ज्या दोन राज्यांचं भांडण गेली साठ-सत्तर वर्षं चाललंय ती एका टेबलावर येतच नाहीत. पंक्तीच वेगळ्या. पण दोन्ही पंक्तींत यजमान एकच आहे; प्रत्येक परिषदेचा अध्यक्ष केंद्रीय गृहमंत्री असतो. आणि दोन परिषदांची संयुक्त बैठक घेण्याची सोय त्याच कायद्यात आहे. म्हणजे आपल्याला कुणाला विचारायला जायचं नाही. पश्चिम परिषदेच्या अध्यक्षांनी दक्षिण परिषदेच्या अध्यक्षांना पत्र लिहायचं, आणि ते आपणच उघडून वाचायचं.

बैठकीला सीमाप्रश्न घेऊ नका. तो न्यायालयात आहे, तिथे राहू द्या. कुणाला दावा सोडायला सांगू नका. हवं तर इतिवृत्ताच्या पहिल्या ओळीत लिहा की या चर्चेचा कुणाच्याही दाव्यावर परिणाम होणार नाही. विषय एकच ठेवा : कोयनेतून उन्हाळ्यात जाणारं पाणी आणि तुबचीतून जतला येऊ शकणारं पाणी, किती, कधी, कुणी मोजायचं, आणि दरवर्षी एप्रिलमध्ये नव्यानं विनवण्या न करता ते कसं चालेल. विस्तारित म्हैसाळ पूर्ण होईल तेव्हा होईल, तिची आम्हाला गरज आहेच. हे मधल्या काळासाठी. वेळ उरला तर कन्नड शाळांना कन्नड शिक्षक आणि बेळगावकडच्या मराठी शाळांना मराठी शिक्षक, हा दुसरा विषय घ्या. दोन्ही राज्यांना एकाच वेळी एकच गोष्ट करायला लावली तर कुणाचीच मान खाली जाणार नाही.

चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात तेलंगणाच्या हद्दीवर चौदा गावं आहेत, त्यांच्यावर दोन्ही राज्यं हक्क सांगतात आणि तिथल्या लोकांकडे दोन-दोन रेशनकार्डं आहेत. आमच्या गावातला एक पोरगा ते वाचून म्हणाला, “मास्तर, आपलं नशीबच फुटकं. भांडणबी झालं तर नीट नाही झालं.” त्याला काय उत्तर द्यावं मला सुचलं नाही.

सकाळी कट्ट्यावर बसलं की येणारा-जाणारा एकच विचारतो, “नीर बंतेन्री?” पाणी आलं का. मराठी बोलणारेही हे कन्नडातच विचारतात, सवय झाली आहे. २०१२ च्या त्या ठरावाची कार्बन प्रत माझ्या ट्रंकेत आहे. बैठकीत कुणाला दाखवायची असेल तर घेऊन येईन, पण दिल्ली लांब पडते. बैठक इकडेच ठेवायची असेल तर शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या करून देता येतील, रविवारी तिसरीही. फक्त उन्हाळ्यात घेतलीत तर साडेअकरानंतरची वेळ ठेवावी. टँकर अकराला येतो, त्याआधी गावात कुणी भेटणार नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
पूर्व जत, जि. सांगली